अक्कांचा सतरा नंबरचा फॉर्म

भाद्रपदातलं ऊन मुगाच्या शेंगांना गप्प बसू देत नाही. स्लॅबवर जुनी लुगडी अंथरून वाळत घातलेल्या त्या काळ्या, लवदार शेंगा सकाळी दहा-अकरापर्यंत मुकाट पडून असतात. मग ऊन नीट डोक्यावर आलं की आपोआप तडकायला लागतात. आधी एक इथे, एक तिथे, मग चहूकडून तडतड, आणि आतले हिरवे दाणे उडून कठड्यावर टणटण आपटतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंची, म्हणजे अक्कांची आठवण काढली की मला आधी तो आवाज ऐकू येतो आणि मग त्या दिसतात: शेंगांच्या पसाऱ्यात मांडी घालून बसलेल्या, डोक्यावरचा पदर उन्हासाठी पुढे ओढलेला, आणि दोन्ही हातांत, तेलाचा दिवा धरावा तसा, जपून धरलेला मोबाइल.

अक्का पन्नाशीला टेकलेल्या. अंगाने काटक, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण घरात शिरल्या की घर भरल्यासारखं वाटतं. त्यांच्या चालण्यात कायम कुठेतरी वेळेवर पोचायची घाई असते, आणि हसणं असं की ते आधी डोळ्यांत उगवतं, मग नाकाच्या शेंड्यावर येतं आणि ओठांपर्यंत पोचेस्तोवर समोरचा हसून मोकळा झालेला असतो. ऐकताना त्या अंगठ्याने उरलेल्या चार बोटांची टोकं एकामागून एक चाचपत राहतात. मला वाटायचं, ही त्यांची नुसती सवय असेल. त्या बोटांवर ऐकलेलं सगळं मोजून ठेवत होत्या, हे पुष्कळ उशिरा कळलं.

मी नांदेडची. गोदावरीच्या काठावर वाढलेली, तिथल्याच कॉलेजातून बी.ए. झालेली. लग्न होऊन रेणापूरजवळच्या ह्या गावात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, अक्कांनी एका शब्दाने न दुखावता मला ती शिकवली, आणि पाहुण्यारावळ्यांत मात्र मान ताठ करून सांगत राहिल्या, "आमची धाकली बी.ए. हाय!" माझ्या पदवीचा मला नसेल एवढा तोरा त्यांना होता. त्या तोऱ्याच्या खाली काय दडलं असेल, त्या स्वतः किती शिकल्या असतील, हे विचारावं असं ह्या बी.ए. बाईला एकोणीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

सुचलं ते माझ्या मुलीला, आणि तेही अर्धवट चुकूनच. वैष्णवी आठवीत आहे. शाळेत बाईंनी सगळ्या वर्गाला एक काम दिलं होतं: घरातल्या एका मोठ्या माणसाला इंटरनेट वापरायला शिकवायचं आणि रोज काय शिकवलं ते वहीत लिहायचं. बाकीच्या पोरांनी आपापले आजोबा गाठले, त्यांना कीर्तन लावून दिलं, बाजारभाव दाखवले आणि दोन दिवसांत वह्या मिटल्या. वैष्णवीने अक्कांना निवडलं. ती त्यांना मोठीमाय म्हणते. का निवडलं विचारलं तर म्हणाली, "मोठीमाय मधीच उठून जात न्हाई."

पहिले दोन दिवस फजितीचे गेले. मूग तोडून अक्कांच्या बोटांची टोकं काळी पडलेली, खरखरीत झालेली. मोबाइलला ती बोटं ओळखूच येईनात. अक्का कणीक तिंबल्यासारखा काचेवर अंगठा दाबायच्या आणि समोरचं पान जागचं हलायचं नाही.

"दाबू नको मोठीमाय, नुसतं शिव! लेकराच्या गालाला लावल्यावानी."

"लेकराच्या गालाला लावलं तर लेकरू तरी हसतंय. ह्यो दगड हाय निव्वळ."

मग त्यांनी स्वतःच तोड काढली. धड्याला बसण्याआधी राखेने हात घासायचे, थोडं खोबरेल चोळायचं, पदराला पुसायचं आणि चप्पल जिन्यातच काढून वर यायचं. माझ्या मुलीने आजवर कुठल्याही वर्गात पाहिली नसेल एवढी अदब त्या स्लॅबवरच्या वर्गात होती. तिसऱ्या दिवशी पान सरकलं. बोटाच्या एका हलक्या ओढीसरशी काचेतलं जग खालून वर वाहत गेलं, आणि अक्का एवढ्या जोरात ओरडल्या की मी हातातलं पीठ तसंच घेऊन जिना चढले. मला वाटलं, विंचू निघाला. वर पाहते तर मायलेकीसारख्या त्या दोघी एकमेकींना धरून हसत होत्या आणि शेंगा तडतडत होत्या. वैष्णवीने त्या दिवशी वहीत लिहिलं, 'मोठीमायला सरकवता आले. मोठीमाय खूप ओरडली.'

आता काय शोधायचं, असं वैष्णवीने विचारलं तेव्हा मी तिथेच होते. माझ्या मनात आलं, एखादा लोणच्याचा प्रकार, नाहीतर तुळजापूरच्या देवीचं दर्शन. अक्कांनी बोटांची टोकं चाचपली, एकदा माझ्याकडे बघितलं, मग नजर खाली नेऊन हळूच म्हणाल्या, "धाव्वीचं गणिताचं पुस्तक असतंय का त्याच्यात?"

पुस्तक होतं. वैष्णवीने ते उघडून दिलं आणि अक्का त्यातल्या समीकरणांवरून नुसती बोटं फिरवत राहिल्या. मग एकेक गोष्ट बाहेर आली. माहेरी, धर्माबादला, त्या नववी पास झाल्या होत्या. वर्गात दुसऱ्या नंबरावर. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि दहावीचं पुस्तक, जे त्यांच्या भावाने वरच्या वर्गातल्या मुलीकडून आधीच मागून आणून ठेवलं होतं, ते न उघडताच परत गेलं. हे सगळं त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, जणू दुसऱ्या कुणाच्या घरची हकिगत. शेवटी मात्र त्यांचा आवाज बदलला. "म्या बसू शकते का गं आता? का टाइम गेला?"

ह्या प्रश्नानंतर आमच्या घराचं स्वास्थ्य गेलं ते गेलंच. वैष्णवीने तिथल्या तिथे शोधून काढलं की शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, त्याला वयाची आडकाठी नाही, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची शेवटची तारीख चार दिवसांवर आली आहे. चार दिवस! माझी मुलगी स्लॅबवर अक्षरशः उड्या मारत होती. तिच्या पायांखाली मूग तुडवला जात होता आणि एरवी दाण्या-दाण्याला जपणाऱ्या अक्कांना त्याचं भान नव्हतं. मी म्हटलं, रेणापूरला जाऊ, तिथे फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत, अर्ध्या तासाचं काम. अक्कांनी मान हलवली. "न्हाई. म्याच भरते. माजं लगीन दुसऱ्यांनी ठरवलं, शाळा दुसऱ्यांनी सोडवली. फॉर्म तरी माज्या हातानं भरू द्या की."

मी रेणापूरचा विषय सोडला आणि त्यांचं आधार कार्ड शोधायला खाली गेले.

पुढचे तीन दिवस मी अक्कांचं एक रूप पाहिलं, ते मला जन्मभर पुरेल. दुपारचं स्वच्छ, धुतलेलं ऊन, खाली अंगणातल्या प्राजक्ताचा वाळत चाललेला सडा, दूर कुठेतरी उडदाच्या रानात बायकांच्या हाका. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध एक बाई काचेवरची एकेक चौकट अशी भरत होती, जशी पहिल्यांदाच स्वतःच्या घरापुढे रांगोळी घालत असावी. जन्मतारीख आली. गाव, तालुका, जिल्हा आले. चौकट बरोबर भरली गेली की त्यांच्या भुवया वर जायच्या. चुकली की त्या जीभ चावायच्या आणि वैष्णवीच्या आधी स्वतःच "मागं घे, मागं घे" म्हणायच्या. मध्येच पानाने त्यांना विचारलं की आपण माणूसच आहात ना, तसं असेल तर खूण करा. अक्का खो-खो हसल्या. "ह्येला कामून शंका आली गं?" आणि मोठ्या ऐटीत खूण केली. नावाच्या चौकटीत आधार कार्डावर होतं ते नाव वैष्णवीने सांगितलं आणि अक्कांनी टाइप केलं: सुनंदा ज्ञानोबा, आणि पुढे आमचं आडनाव. मला आठवतं, त्या एका चौकटीशी त्या किंचित थांबल्या होत्या. मी समजले, अक्षर सापडत नसेल.

उरला होता शाळा सोडल्याचा दाखला. तो धर्माबादला, भावाकडे, आईच्या ट्रंकेत. भाऊ तिथे मोंढ्यात धान्याच्या आडतीवर हिशेबाला असतो. बहिणीचा फोन आल्याबरोबर तो काम टाकून घरी गेला, अख्खी ट्रंक उपसली आणि शेवटच्या तारखेच्या दिवशी सकाळी त्याने दाखल्याचा फोटो धाडला. फोन वाजला तशा आम्ही तिघी धावत स्लॅबवर गेलो, कारण खाली रेंज येते आणि जाते. वैष्णवीने फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि तिचा चेहरा पडला.

"मोठीमाय, मामानं चुकीचा दाखला धाडलाय. ह्यो तुजा न्हाईच. कुण्या चंद्रकला नागोरावचा हाय."

मी मोबाइल हातात घेऊन पाहिला. पिवळा पडलेला कागद, घडीवर विरलेला, आणि वळणदार अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं: चंद्रकला. मी वैतागले. आज शेवटचा दिवस आणि भावाला बहिणीचा कागद ओळखता येऊ नये! मी त्याला फोन लावायला घेतला, आणखी एकदा ट्रंक पाहा म्हणून सांगायला. तेवढ्यात अक्कांनी माझ्या मनगटाला धरलं.

"लावू नगंस. माजाच हाय त्यो."

शेंगा तडतडत होत्या. मी लावायला घेतलेला फोन खाली ठेवला.

"चंद्रकला म्याच हाय. हितं चुलतसासू व्हत्या, त्यांचं बी नाव चंद्रकलाच. घरात थोरल्या माणसाच्या नावानं सुनेला हाक कशी मारावं? म्हून लग्नातच बदललं. सुनंदा ठिवलं. म्या बी मग सुनंदाच झाले."

लग्नात नाव बदलायची रीत मला काही नवी नव्हती. नांदेडला माझ्या मावशीचं बदललं, माझ्या आईचं बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव गिरवताना मी किती लग्नांत टाळ्या वाजवल्या असतील. माझं स्वतःचं बदललं नाही, ते तेव्हा कुणाला सुचलं नाही एवढ्याचमुळे. पण त्या ताटातले तांदूळ हलवल्यावर जुनं नाव कुठे जातं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ज्या बाईने मला भाकरी शिकवली, माझं बाळंतपण केलं, माझ्या तापात रात्री जागवल्या, तिचं नाव मला एकोणीस वर्षांनी एका मोबाइलच्या काचेवर वाचायला मिळालं होतं, आणि तेही मी चुकीचं म्हणून परत धाडायला निघाले होते. मला रडू आलं. अक्कांना आलं नाही, त्या बोटांची टोकं चाचपत वैष्णवीला विचारत होत्या, "आता गं? झाला का घोळ?"

घोळ झालाच होता. वैष्णवीने सूचनांचं पान उघडलं आणि नाकाला फोन लावून वाचून काढलं: दाखल्यावर असेल तेच नाव भरावे, नंतर नाव बदलले असल्यास तसे स्वतः लिहून, सही करून जोडावे. म्हणजे तीन दिवसांचं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. सकाळचे अकरा वाजले होते. अक्का उठल्या, खाली गेल्या, पुन्हा एकदा राखेने हात घासून वर आल्या आणि म्हणाल्या, "चल."

आधी त्यांनी वैष्णवीच्या वहीतलं कोरं पान मागून घेतलं आणि त्यावर पेनने, जवळजवळ कोरून काढल्यासारखं, लिहिलं: 'चंद्रकला आणि सुनंदा ह्या दोन्ही बाया मीच आहे.' खाली सही करताना थबकल्या, आणि मग दोन्ही सह्या केल्या. त्यानंतर नावाची चौकट आली. वैष्णवी अक्षरं दाखवायला पुढे झाली तर तिचा हात त्यांनी अलगद बाजूला सारला. च सापडला. त्यावरचा ठिपका सापडला. पुढचं जोडाक्षर दोनदा फिस्कटलं, तिसऱ्यांदा बसलं. प्रत्येक अक्षर उमटलं की त्या ते ओठांतल्या ओठांत म्हणायच्या. ऊन त्यांच्या पाठीवर चढत होतं, कपाळावरचा घाम भुवईपाशी थांबत होता, आणि मी मात्र परीक्षेच्या दिवशी शाळेच्या दारात थांबल्यासारखी कठड्याशी उभी होते.

शेवटच्या पायरीला मोबाइलवर एक आकडा, ओटीपी, यायचा होता, तो टाकला की फॉर्म जाणार. पण नोंदवलेला नंबर थोरल्या भाऊजींचा, म्हणजे अक्कांच्या यजमानांचा, आणि ते सकाळपासून तुरीच्या रानात. वैष्णवीने फोन करून आकडा वाचायला सांगितलं. भाऊजी सावकाश माणूस. चष्मा शोधून, एकेक आकडा तोलून सांगेपर्यंत वेळ संपली. दुसरा आकडा मागवला. तो सांगताना रेंज गेली. तिसऱ्या वेळी अक्कांनी स्वतः फोन घेतला आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं, बोलत बसू नगा, फोन घेऊन पळत या! आज तारीख हाय माजी!"

आणि भाऊजी आले. साठीचा तो जडशीळ माणूस धोतराचा सोगा हातात धरून बांधावरून खरोखर पळत येताना मी कठड्यावरून पाहिला, आणि त्यांच्या मागे, काय झालं हे न कळताच, शेजारच्या रानातल्या दोघीतिघी. जिना चढून ते वर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. नवा आकडा आला. त्यांनी तो वाचला, अक्कांनी टाकला, काचेवर एक चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. वैष्णवीने माझा हात एवढा घट्ट आवळला होता की बांगडी रुतत होती.

चक्र थांबलं, आणि भाऊजींच्या हातातला फोन वाजला.

त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. हे भाऊजी अक्कांना कधी नावाने हाक मारत नाहीत; "आवं" म्हणतात, "ऐकलं का" म्हणतात, फारच झालं तर नुसतं खाकरतात. एका ताटातल्या तांदळावर त्यांनी एकदा सुनंदा लिहिलं असेल तेवढंच. पण ते नावसुद्धा त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. आता ते संदेश वाचायला लागले, शाळेतलं पोर वाचतं तसा, एकेका शब्दावर बोट ठेवल्यागत, मोठ्याने:

"चंद्रकला... नागोराव... आपला अर्ज... प्राप्त झाला आहे."

"ओ," अक्का म्हणाल्या.

कुणी हाक मारली नव्हती. नुसता संदेश वाचला होता. पण चौतीस वर्षांनी ते नाव वर्गात हजेरी घ्यावी तसं कानावर पडलं आणि आतून कुणीतरी क्षणाचाही विलंब न लावता ओ दिली. कोवळी, खणखणीत, पहिल्या बाकावरून यावी तशी. भाऊजींनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. मग पुन्हा फोनकडे पाहिलं. आणि ह्या वेळी वाचायचं काही उरलेलं नसताना, अगदी हळू, जणू विचारत असावेत तसे म्हणाले, "चंद्रकला?"

अक्का हसल्या. वैष्णवी किंचाळली, खालून बायका काय झालं म्हणून ओरडायला लागल्या, मी कुणाला मिठी मारली ते मलाच कळलं नाही. परीक्षा अजून पुढे होती, गणित तर फारच पुढे. पण त्या गलक्यात मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला उमगत होतं की आमच्या घरातून चौतीस वर्षं एक मुलगी नाहीशी झालेली होती, आणि तिचं नसणं आमच्यापैकी कुणालाच जाणवलं नव्हतं. काळाने तिला दूर नेलंही नव्हतं, आम्हीच रोज तिच्या हातची भाकरी खात तिला विसरून बसलो होतो. त्या दुपारपासून मला एका पंधरा वर्षांच्या मुलीची फार आठवण येते, जिला मी कधी पाहिलेलं नाही.